दोन रंगांची मखमल

मोठा भाऊ गेल्यापासून भेटायला येणारी माणसं त्याच्या जालन्यातल्या शोरूमबद्दल बोलतात. गालिचे, झुंबरं, शिसवी पलंग. मी ऐकून घेतो. मला मात्र सत्तरच्या दशकातला अंबडचा एक दिवस आठवत राहतो.

तेव्हा जालन्यात आमचं गाद्यांचं दुकान होतं. भावाने हट्टाने सोफे करायला घेतले आणि अंबडच्या एका वकिलांनी नव्या बंगल्यासाठी पहिला मोठा सेट सांगितला. सेट पोचवायचा त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. सेट पसंत पडला तर त्यांच्या ओळखीची घरं मिळतील, असं भाऊ धरून होता. नाही पडला तर काय, ते वडिलांनी सांगून ठेवलं होतं. "मंग मुकाट गाद्या भर."

सकाळी सोफा दिवाणखान्यात ठेवला. वकिलीणबाईंनी खिडकी उघडली, ऊन आत आलं, आणि मधली पाठ काळपट लाल, बाजूच्या दोन्ही उजळ दिसल्या.

"शेठ, कापड कमी पडलं होतं का?"

भावाला कळलं होतं, मलाही. गादीवाला कापड वाया जाऊ देत नाही. निमुळता तुकडा असला की एक सुलटा आखायचा, त्याच्या शेजारी दुसरा उलटा. आमच्या घरात सगळ्यांचा हात तसाच बसला होता. मखमलीला एका बाजूला झुकलेली लव असते, उलटी लावली की रंग वेगळा दिसतो. आमच्या अंधाऱ्या दुकानात ते दिसलंच नव्हतं.

"नवी फॅशन म्हणून सांगा," सोफा उचलायला आणलेला हमाल पुटपुटला.

भावाने मधल्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "न्हाई, बाईसाहेब. कापड बराबर होतं, आम्हीच उलटं कापलं. गादीवाल्याची खोड."

"आणि उद्या पाहुणे बसतील कुठं? तुमच्या खोडीवर?"

"जुन्या गाद्या असतील ना घरात?"

त्यांनी माळ्याकडे बोट दाखवलं आणि आत गेल्या. आम्ही सोफा अंगणात काढला. माळ्यावरच्या गाद्या उसवल्या, कापूस झोडून पुन्हा भरला, कोपरे ताणून टाके घातले, लोड ठासले, पांढऱ्या चादरी घालून दिवाणखान्यात बैठक मांडली.

संध्याकाळी वकील कोर्टातून आले. अंगणातला सोफा त्यांनी पाहिला होता. दारात थांबले, जोडे काढले, पांढऱ्या बैठकीवर बसून मागे रेलले.

"हा लोड सैल वाटतो."

भावाने तो उचलला, उसवला, त्यांच्यासमोर पुन्हा भरला. ते परत रेलले.

"सोफा घेऊन जा," ते म्हणाले. भाऊ मान खाली घालून उठला. "नीट करून आणा. ही बैठकही राहू द्या. हिलाही मखमलीच्या खोळी लागतील."

पुढे सोफा आणि बैठक दोन्ही मांडून देणारे म्हणून आमचं नाव झालं. घनसावंगी, मंठ्याकडूनही लोक येऊ लागले.

त्या संध्याकाळी परतताना भाऊ ट्रकमध्ये मागे, सोफ्याला धरून उभा होता. खड्ड्यांनी पडायची वेळ आली तरी गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसला नाही.