चौदा हजार फुटांवरची सिस्टर

सरिता गजभिये नागपुरातल्या एका दवाखान्यात आयसीयूची सिस्टर आहे. राहायला हुडकेश्वरला. आठवडाभर ती दुसऱ्यांच्या श्वासांवर लक्ष ठेवते आणि रविवारी रामटेकच्या पुढे एका छोट्या धावपट्टीवर ग्लायडर उडवते. कॉलेजात एनसीसीत शिकली होती. मग नोकरी, लग्न, दोन मुली. चाळिशीत तिने पुन्हा सुरुवात केली तेव्हा आई अंजनाबाई म्हणाल्या, "इंजिन नाही त्या विमानाले. काहून बसून राहिली वं त्याच्यात?"

"मंग बंद पडाले त्याच्यात काईच नाही, आई," सरिता म्हणाली.

विदर्भातलं ऊन ज्याला त्याला नकोसं होतं, ग्लायडरवाल्यांना मात्र तेच हवं असतं. मे महिन्यात जमीन तापली की गरम हवेचे उंचच उंच खांब उभे राहतात. घारी त्यात पंख न हलवता चढतात, तसंच ग्लायडरही चढतं. तीन हजार मीटर, म्हणजे जवळपास दहा हजार फूट, उंची कमावली की एक मानाचा बिल्ला मिळतो. सरिताला तो हवा होता.

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी खाली पंचेचाळीस डिग्री होतं. यंत्राने तार खेचून ग्लायडर वर सोडलं आणि पहिल्याच खांबात ते गोल फिरत चढू लागलं. सहा हजार फूट, नऊ हजार. थंडी वाजली तशी तिने जर्किनची चेन ओढली. दहा हजारांवर ऑक्सिजनची नळी नाकाला लावली. तार सुटल्यापासून मोजली तर बारा हजारांपर्यंत बिल्ल्यापुरती उंची झाली होती, पण हवा अजून वर ओढत होती. डोक्यावर पांढरा ढग, खाली धानाच्या रिकाम्या बांध्यांची शेतं आणि तलाव. आवाज फक्त वाऱ्याचा. तिला फार छान वाटत होतं.

"सिस्टर, उंची सांगा," रेडिओवर तिचे प्रशिक्षक रवींद्र सर होते.

"चौदा हजार. सर, ढगात जराशी जाऊन पाहू का?" असं म्हणून ती हसली.

ढगात शिरायला सक्त मनाई होती. आत दिशा कळत नाही, झोके बसतात, पंख तुटू शकतो. हे तिला पाठ होतं. तरी त्या क्षणी तो विचार तिला अगदी शहाणपणाचा वाटला.

"बोटाले मशीन लावा. आकडा सांगा," सर शांतपणे म्हणाले.

रक्तातला ऑक्सिजन मोजणारी ती क्लिप सरिताने हजारो पेशंटच्या बोटांना लावली होती. आज ती आपल्या बोटाला लावायला दोन प्रयत्न लागले. आकडा आला अठ्ठ्याहत्तर; नव्वदच्या वर हवा होता. तिच्या वॉर्डात असाच आकडा असलेले धोंडबा नावाचे एक आजोबा पलंगावर उठून बसले होते. म्हणाले होते, "मले काई नाही झालं, चाय आणा." ऑक्सिजन कमी पडलेल्या माणसाला आपण ठणठणीत आहोत असंच वाटतं, हे तिनेच नव्या सिस्टरांना शिकवलं होतं.

"अठ्ठ्याहत्तर, सर. पेशंट मीच आहे. खाली येते," ती म्हणाली आणि तिने एअरब्रेक उघडले.

ऑक्सिजनची नळी सीटच्या पट्ट्याखाली दुमडलेली होती. ती एका हाताने मोकळी केली. नऊ हजारांवर डोकं स्वच्छ झालं, तेव्हा कुठे तिला भीती वाटली. ग्लायडर तिने धावपट्टीच्या मधोमध टेकवलं.

सरांनी आधी नळी तपासली, मग तिच्याकडे पाहिलं. "पुढच्या रविवारी येणार?"

"येणार. नळी पट्ट्याच्या वरून घेईन आणि क्लिप पहिल्यापासून बोटालाच ठेवीन."

पुढच्या रविवारी ती पुन्हा उडाली. तेरा हजारांवर होती, आकडा ब्याण्णव. वर ढग, हवा ओढतच होती. मोह झालाच. तिने ग्लायडर वळवलं आणि ढगाबाहेरच्या उन्हातून सरळ रामटेकच्या दिशेने निघाली.