फोन न ठेवता गेलेले पाटील

"सोडत काऊन नाही बे!" माझी नात तिच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ओरडत होती. तीन कॉम्प्युटर तिला एकाच जागच्या फायलींना जोडायचे होते, पण मधेच बंद पडलेल्या एकानं फाईल धरून ठेवली होती आणि बाकीच्या दोघांना ती मिळेना. तापलेल्या वायरचा वास आला आणि मी मनानं थेट चिखलीच्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या माझ्या जुन्या ऑपरेटरच्या खुर्चीत जाऊन बसले.

महाराष्ट्र नवा होता, आमची टेलिफोनची तारही नवी. तीन गावांना मिळून एकच. एकाचा फोन वाजला की बाकीचे उचलून ऐकत बसत, आणि आवाज पार खोल जाई. त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं फिरलं होतं.

तेवढ्यात त्या तीनपैकी देऊळघाटाहून शाळेचे मास्तर ओरडले, "मायी बायको बाळंतपणात अडली हाये! दवाखान्याले गाडी पाठवा म्हणा!"

दवाखाना जोडून दिला, तर तिकडं मास्तरांचा आवाजच पोचेना. "फोन ठेवा सगळे!" मी किंचाळले. एकानं ठेवला. पलीकडच्या गावच्या पाटलांनी काही ठेवला नाही.

"पाटील, लाज वाटते का? तिकडं बाई मरून राह्यली अन् तुमाले गंमत पाह्यजे?"

मी आणखी शिव्या घातल्या.

मग त्याच फोनमधून जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि लांबून पाटलांचा, "देऊळघाटले चाललो वं!" रिसीव्हर ते तसाच लोंबकळत सोडून गेले होते.

पाटलांनी बाईला जीपमधून दवाखान्यात पोचवलं आणि मायलेकी वाचल्या. माझा राग मात्र अजून गेलेला नाही. अहो, निघताना "जातो" एवढं तरी मले म्हणायचं होतं, पाटील!