आत्याचं मनगट आणि नऊ दिवसांचा कोबी

खरं तर मी हे लिहिणारच नव्हते. उद्या सबमिशन आहे, जर्नल कोरं पडलंय, पण आत्ताच आत्याकडून आलेय, बोटं जांभळी आहेत, आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला एका जागी बसवणार नाही.

माझी आत्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग करते. सव्वीस वर्षं. टेबलावर कापडाचे चाळीस थर, वर खडूची रेघ आणि आत्याच्या हातात मशीन. हात जरा हलला की चाळीस पोरांच्या बाह्या तिरक्या. दोन महिन्यांपूर्वी ती बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं इतकी आखडलेली की साधी वेणी घालता येईना. सुपरवायझर बाईंनी निरोप धाडला, सोमवारी या, एक लॉट कापून दाखवा, जमलं तर टेबल तुमचं, नाहीतर पॅकिंगला बसा. पॅकिंगचं नाव काढलं की आत्या तोंड फिरवायची.

मग तिने कोबी आणला. म्हणाली, थर लावूनच मिळतो, आणि चुकला तर खाता येतो. रोज अर्धा हिरवा, अर्धा जांभळा, वर गाजरं आणि पिवळी सिमला मिरची. गाजरावर चक्क पट्टीने खुणा करायची! पहिल्या दिवशी बोटाएवढे जाड तुकडे, मग काडीएवढे, मग दोऱ्यासारखे. आणि ते रंगीबेरंगी डोंगर संपवायला घरात एकटे काका, म्हणजे आत्याचे मिस्टर. नवव्या दिवशी, म्हणजे शनिवारी, मी गेले तर ते ताटाकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "तुझ्या आत्याला सांग, मी माणूस आहे, बकरी नाही."

आत्या आतून म्हणाली, बकरी निदान मुकाट्याने खाते.

मी लगेच मदतीला धावले. कोणालाही न विचारता लिंबू, मीठ, मिरपूड, तेल, सगळं घालून मोकळी. अर्ध्या तासाने बघते तर वाडगाभर गुलाबी पाणी आणि त्यात गळपटलेला कोबी. आत्याने चमच्याने उचलून पाहिलं. "वेंधळे, खाणारा दारात दिसला की मग लिंबू पिळायचं. आधी पिळलंस की सगळं मऊ पडतं." मला रडूच आलं, नऊ दिवसांतलं सगळ्यात बारीक चिरलेलं होतं ते. काका मात्र खूश, त्यांची एका जेवणापुरती सुटका झाली.

आज सोमवार. लेक्चर बुडवून मी आत्याच्या घरी, ती कारखान्यात. काहीतरी करायला हवं म्हणून मीच कोबी चिरायला घेतला. काकांनी एक तुकडा उचलून विचारलं, ही पट्टी आहे की पडदा. पण चारनंतर त्यांचेही विनोद संपले. धुतलेलं एकच ताट परत परत पुसत बसले होते. लिंबू अर्धं कापून मी तसंच ठेवलं, पिळलं नाही.

साडेचारला बेल वाजली. आत्याचा चेहरा एकदम सपाट. चपला काढल्या, पर्स ठेवली, सरळ येऊन वाडग्यात डोकावली. हे कुऱ्हाडीने चिरलंस का, म्हणाली. मग ती खुर्चीत बसली, उजवा हात उघडला, मिटला, परत उघडला.

"पीळ लिंबू. टेबल माझं."

मी इतकं जोरात पिळलं की बिया काकांच्या चष्म्यावर. मग आत्या सांगत सुटली. बाईंनी चाळीस थरांच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि सरळ पुढच्या लॉटचा खडू हातात दिला. आणि आत्याने सवयीने सगळ्या चिंध्या दोन्ही हातांनी गोळा केल्या आणि बाईंकडे वाडगा मागितला. काकांना हसता हसता ठसका लागला. आणि चक्क दुसऱ्यांदा वाढून घेतलं त्यांनी, स्वतःहून!

तुमचीही कोणी आत्या असेल, मावशी असेल, शेजारच्या काकू असतील, सगळं चिरून, लिंबू तसंच ठेवून दाराकडे बघणाऱ्या. प्लीज, या आठवड्यातच जा ना त्यांच्याकडे.