सबीनाने दिवा पारखला त्याची गोष्ट

उंब्रजमध्ये सबीनाला ओळखत नाही असं लग्नघर सापडणं कठीण. तिच्या वडिलांनी, चांदसाहेबांनी, चाळीस वर्षं पंचक्रोशीतल्या नवरानवरींचे फोटो काढले आणि गेली बारा वर्षं स्टुडिओ तीच चालवते. वय चौतीस, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. ऐन अक्षतांच्या वेळी नवरदेवाचा मामा कॅमेऱ्यापुढे कडमडला तर त्याचा दंड धरून बाजूला करायची हिंमत तिचीच. एवढ्यावर थांबली असती तर तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नव्हतं. पण बाईला पाण्याचं वेड. लहानपणी चांदसाहेबांनीच विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं होतं. पुढे मालवणला समुद्रात बुड्या मारून फोटो काढणारी माणसं पाहिली आणि तेव्हापासून ही लहानसा कॅमेरा पाणबंद डब्यात घालून ओढे-विहिरी धुंडाळत हिंडायला लागली.

या हिंडण्यातच तिला गुंडा भेटला. पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेला मिळणाऱ्या एका ओढ्यावर मासे धरणारा सत्तरीचा म्हातारा. तो सांगायचा की वैशाखात ओढ्याची धार तुटली, डोह निवांत झाला, की सकाळच्या उन्हात पाण्यात काचेची फुलं वरखाली करतात. रुपयाएवढी, आरपार दिसणारी. गावानं त्याची पार चेष्टा करून टाकली होती. कुणी थाप मारली की लोक म्हणायचे, ‘हे बी गुंडाचं फूलच दिसतंय!’ सबीना मात्र त्याच्याबरोबर डोहात उतरली आणि तिनं ती फुलं पाहिली. फुलं कसली, गोड्या पाण्यातले जेलीफिश होते ते. इवलीशी छत्री मिटायची, उघडायची, वर चढायची आणि मग अलगद खाली यायची. तिनं कॅमेऱ्याच्याच फ्लॅशवर फोटो काढले आणि आनंदाच्या भरात तिथल्या चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर उघडले.

फोटोत पांढरे ठिपके होते. नुसते ठिपके. पाण्यातला गाळ फ्लॅशच्या उजेडात चमकला होता आणि जेलीफिश त्यात कुठल्या कुठे हरवला होता.

“आगं, ह्यो तर रवा हाय!” कुणीतरी ओरडलं आणि टपरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. गुंडा त्या दिवशी धुतलेला सदरा घालून आला होता. तो अर्धा चहा तसाच ठेवून उठून गेला.

ते अर्ध्या चहावरून उठणं सबीनाच्या जिव्हारी लागलं. आधी म्हातारा नुसता थापाड्या होता. आता त्याच्या बाजूनं दिलेला पुरावाही खोटा ठरला होता आणि तो पुरावा दिला होता तिनं. ही भरपाई करायची तर स्वच्छ, वाद न घालता येणारा फोटो हवा. त्यासाठी स्ट्रोब हवा, म्हणजे पाण्याखाली चालणारा, कॅमेऱ्यापासून वेगळा असा मोठा फ्लॅश. तो एकदाच घेता येणार होता. चुकीचा घेतला तर दुसरा घ्यायची ऐपत नाही आणि वळीव कोसळून ओढा वाहता झाला की फुलं गेली. गुंडाला पुढचं वर्ष दिसेल याचीही खात्री कुणी देऊ शकत नव्हतं.

वर्षभर तिनं स्ट्रोबवर जेवढं मिळालं तेवढं वाचून काढलं. कुणाचा उजेड किती लांब जातो, कुणाचा किती फाकतो, कुणाचा किती वेळात पुन्हा भरतो. वाचून वाचून डोक्याचा भुगा झाला. चांदसाहेबांना विचारावं तर त्यांचं एकच.

“त्यात काय बगायचं? सगळ्यात मोठा घे. दिवा थेट तोंडावर पायजे. पाव्हण्याच्या तोंडावर सावली पडली की फोटोग्राफरची आब्रू गेली.”

“अब्बा, तो पाव्हणा न्हाई, जेलीफिश हाय.”

“मग त्याला काय तोंड न्हाई व्हय?” चांदसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं. खरं म्हणजे त्याला तोंड होतं, त्यामुळे सबीनाला उत्तर सुचेना.

उत्तर सुचलं ते शेजारच्या शालूबाईंमुळे. शालूबाईंच्या गोठ्यात चार म्हशी, आणि म्हैस पारखावी तर त्यांनीच. दूध घालायला आल्या तेव्हा सबीना दोन स्ट्रोबच्या माहितीचे कागद पुढ्यात घेऊन बसली होती.

“काय गं, आठ दिस झालं बगतीया, कागदंच चाळतीस?” शालूबाई म्हणाल्या. “म्हस घेताना आमी मालकाचं आयकत न्हाई. दोन येळचं दूद सोताच्या हातानं काडून बगतो. तुजा दिवा तुज्या पान्यात बग की.”

झालं. सबीना दुसऱ्याच दिवशी पाटणला गेली आणि डोहाच्या पाण्याचे पाच-पाच लिटरचे चार कॅन भरून घेऊन आली. रमजानातला, जेली जमवायचा चायना ग्रास घरात उरला होता. तो दूधसाखर न घालता नुसत्या पाण्यात शिजवून तिनं रुपयाएवढ्या पारदर्शक चकत्या पाडल्या आणि हे सगळं बिऱ्हाड घेऊन पुण्याची एसटी पकडली. कंडक्टरनं कॅन पाहून विचारलं, “पुण्यात डेअरी टाकलीया का, ताई?” ती म्हणाली, “व्हय, पान्याची!”

पुण्यातला दुकानदार ऋषिराज तिशीचा, सज्जन मुलगा. त्याच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते अंदमानला निघालेलं. कॅमेऱ्याचे डबे गळतात का हे बघायला त्यानं काचेची एक मोठी पेटी ठेवली होती. सबीनानं परवानगी मागितली, पेटी रिकामी केली आणि त्यात आपला हिरवट डोह ओतला. मग वर चायना ग्रासची चकती सोडली.

“हे काय, खायचं आहे?” ऋषिराजनं विचारलं.

“फोटो झाल्यावर खा.”

आधी मोठा स्ट्रोब लावला. नारळाएवढा, जबर ताकदीचा. पांढरे ठिपके आले. मग लहान लावला. पुन्हा ठिपके. जरा कमी, पण ठिपकेच. दुपारपर्यंत तिनं शंभरेक फोटो काढले असतील. ऋषिराज हळूच म्हणाला, “ताई, दोन्ही दिव्यांत दोष नाही. तुमचं पाणीच गढूळ आहे.” सबीनाला रडायला आलं होतं, पण अनोळखी दुकानात रडणाऱ्यांतली ती नव्हे. ती स्टुलावर बसून पेटीकडे नुसती बघत राहिली.

उन्हं कलली होती. दुकानाच्या दारातून एक तिरीप आडवी येऊन पेटीच्या बाजूच्या काचेवर पडली, आणि कुठलाही स्ट्रोब चालू नसताना ती चकती पाण्यात लख्ख उठून दिसली. तिची गोल कड तर अशी उजळली की बोटानं धरावी. तेव्हा सबीनाच्या लक्षात आलं, की चूक स्ट्रोबची नाही आणि पाण्याचीही नाही. चूक तिच्या हाताची होती. बारा वर्षं मांडवात काम केलेला तो हात प्रत्येक वेळी दिवा भिंगाच्या डोक्यावर, थेट ‘पाव्हण्याच्या तोंडावर’ नेऊन ठेवत होता. भिंगासमोरचा सगळा गाळ त्यामुळे उजळायचा. आरपार दिसणाऱ्या जिवाला समोरून उजेड दाखवून काय उपयोग? तो त्याच्यातून निघूनच जाणार.

तिनं लांब दांडी मागितली, स्ट्रोब कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला नेला आणि कुशीतून उजेड टाकला. कॅमेऱ्याच्या फ्लॅशनं स्ट्रोबला एका बारीक प्रकाशतारेतून फक्त इशारा द्यायचा होता, म्हणून त्याचा उरलेला उजेड पाण्यात सांडू नये यासाठी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. फोटो आला. काळंभोर पाणी आणि त्यात एकटी, उजळ कडेची चकती. ऋषिराज स्वतःच्याच दुकानात टाळ्या वाजवायला लागला.

मग निवड सोपी झाली. मोठ्यात खोट नव्हती, पण लांब दांडीवर तो कॅमेऱ्यासकट एका बाजूला कलंडायचा. त्याची लांबवर जाणारी ताकद निळ्याशार समुद्रात कामाची. तिला तर वीतभर अंतरावरून फोटो काढायचे होते, तेही एका दमात, एका हातानं. लहान स्ट्रोबचा उजेड मऊ होता, बटणं ओल्या बोटांनी फिरत होती आणि त्याला लागणारे पेन्सिल सेल पाटणच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळत होते. तिनं लहान घेतला. जाहिराती काही म्हणोत, आपल्या कामाला काय हवं हे इतक्या चोखपणे शोधणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

घरी आल्यावर चांदसाहेबांनी स्ट्रोब तळहातावर तोलला. “येवढासाच?” म्हणाले. तिनं फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो पाहिला, मग म्हणाले, “चाळीस वर्सं मी माणसांच्या तोंडावर दिवा मारत बसलो.” त्यात खंत होती आणि लेकीचं कौतुकही होतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सबीना डोहात उतरली. पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी, ऊन पाण्यावर आल्यावर, खालच्या अंधारातून एक छत्री मिटत-उघडत वर आली. दम धरायचा, खाली जायचं, स्ट्रोब कुशीला न्यायचा, ती छत्री उघडायची वाट बघायची. बहुतेक वेळा दम आधी संपायचा. अशा पस्तीस-चाळीस बुड्या झाल्या. ओठ निळे पडले तेव्हा कुठे ती काठावर आली.

त्यातला एक फोटो तिनं लग्नाच्या फोटोसारखा मोठा छापला आणि टपरीवर नेला. गुंडाला येण्यासाठी पुष्कळ विनवावं लागलं. यंदा तो डोहाकडे फिरकलाही नव्हता. टेबलावर फोटो ठेवल्यावर गेल्या वर्षी हसलेले सगळे पुढे वाकले. काळ्या पाण्यात काचेची छत्री, तिच्या कडेला केसांहून बारीक शेकडो दोरे, एकेक मोजून घ्यावा असा. कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, “आपल्या वड्यातलं हाय ह्ये?” दुसऱ्यानं गुंडाला बसायला जागा करून दिली.

सबीना गुंडाच्या तोंडाकडे बघत होती. आता म्हातारा सगळ्यांना सुनावणार, वर्षानुवर्षांचं उट्टं काढणार, असं तिला वाटलं. तशी तिची इच्छाही होती.

गुंडानं फोटोवरून बोट फिरवलं, कडेकडेनं, सगळ्या दोऱ्यांवरून. मग तो फक्त तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, “पोरी, गेल्या साली ती समदी हसली ना, तवापास्नं मला बी वाटाय लागलं हुतं, का आपुनच खोटं बोलतुया.”