नाकेदारांच्या पेटीचं कुलूप

कुलपाला चार कड्या होत्या आणि प्रत्येक कडीवर शून्यापासून नऊपर्यंत आकडे. चारही नेमके जुळले की कुलूप सुटायचं. किल्ली नव्हतीच. आकडा एकट्या नाकेदारांना ठाऊक होता, आणि त्या पावसाळ्यात नाकेदारांच्या मेंदूत हिवताप गेला. ताप उतरला, माणूस उठून बसला, पण आकडा गेला. त्याच्याबरोबर माझं नाव गेलं आणि बायकोचंही गेलं.

चांद्याच्या जंगलात, आरमोरीहून बैलगाडीनं दीड दिवस आत, तो नाका होता. जंगलाची राखण नाकेदारांकडे, आणि शेजारच्या लाकडाच्या डेपोवर मी मुन्शी. सातवीत शाळा सुटलेली, घर साताऱ्याकडे. आलो तेव्हा मला साग आणि ऐन ही झाडंही वेगळी ओळखता येत नव्हती. नाकेदारांनी मला ओंडका मोजायला शिकवलं. मला पहिला हिवताप आला तेव्हा त्यांनी मला आपल्या ओसरीवर आणून निजवलं, आणि त्यांच्या बाईंनी महिनाभर पेज पाजली. सख्ख्यांनीही इतकं केलं नसतं.

कागदावर सही करण्याआधी ते मला एकच विचारत, "डोळ्यानं पाह्यलं का?" न पाहिलेल्या लाकडावर त्यांनी कधी सही केली नाही. एका न दिसलेल्या ओंडक्यापायी त्यांनी ठेकेदाराच्या गाड्या दोन दिवस अडवून धरल्याचं मी पाहिलं आहे.

पेटीत सरकारी हातोडा होता. त्याच्या तोंडावर कोरलेला शिक्का ओंडक्यावर उमटला की ते लाकूड कायदेशीर. हातोडा परक्या हातात गेला तर चोरीचा सागसुद्धा सरकारी होतो. म्हणून पेटी फोडायची सोय नव्हती. फोडलेली पेटी म्हणजे नाकेदारानं काहीतरी लपवलं, असाच अर्थ निघाला असता, आणि तीस वर्षांच्या नोकरीचं पेन्शन गेलं असतं. रेंजरसाहेब आठ दिवसांनी हातोडा पाहायला येणार, असा निरोप आला.

मी पाटीवर हिशेब मांडला. चार कड्या, म्हणजे दहा हजार आकडे. मिनिटाला बारा लावून पाहिले तर चौदा तास. मी पुन्हा मांडला, तेवढेच आले. मला वाटलं होतं, या कुलपापुढे जन्म पुरणार नाही. पण हे तर नांगरटीसारखं काम होतं, बसून केलं की संपणारं. आणखी तीन कड्या असत्या तर मात्र वर्षही पुरलं नसतं.

शून्य शून्य शून्य शून्यापासून सुरुवात केली. एक आकडा, एक हिसका. डेपोचं काम सांभाळून अडीच दिवस. बैलांना पाणी दाखवायला थांबलेला गाडीवान म्हणाला, "काऊन जी मुन्शीभाऊ, जपमाळ घेतली का? देव पावला तं मले बी सांगजा." अंगठ्याची कातडी निघाली. नऊ नऊ नऊ नऊवर आलो, हिसका दिला. कुलूप तसंच.

त्या दुपारी मी ओसरीवर बसून राहिलो. एखादा आकडा सुटला असेल. कुठला, ते कसं कळणार? बाई आत मिरच्या वाटत होत्या. त्यांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "ते तं आकडा लावला का वरवंट्याचा टोला देत त्याले. माह्या मसाल्याच्या वरवंट्याचा. किती भांडली मी त्याईसंगं!"

"बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कुठी पुसलं? तुमी तं आकडाच पुसून राह्यले होते."

कुलूप आतून गंजलं होतं. खरा आकडा माझ्या बोटांखालून केव्हाच निघून गेला होता, आणि मी तो चुकीचा समजून पुढं ढकलला होता.

पुन्हा शून्यापासून. आता प्रत्येक आकड्याला टोला, म्हणजे मिनिटाला पाचच. मी कड्या फिरवायच्या, बाईंनी टोला द्यायचा. शंभर झाले की त्या एक चिंचोका सुपात टाकत. नाकेदार खाटेवर बसून दर टोल्याला मान हलवत, जणू आम्ही दोघं त्यांच्यासाठी काही वाजवत होतो. "हासून राह्यले पाहा," बाई म्हणत आणि तोंड फिरवून डोळे पुसत.

चौथ्या दिवशी, सुपात त्र्याहत्तर चिंचोके असताना, सात तीन एक सहावर कुलूप सुटलं. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. हातोडा फडक्यात गुंडाळलेला, तेल लावलेला, जसाच्या तसा होता. बाईंनी पेटीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी रेंजरसाहेब आले. हातोडा पाहिला, शिक्का ताडून पाहिला, खूश झाले. मग लिहिता लिहिता विचारलं, "याला तर काही आठवत नाही म्हणता. मग आकडा कोणी सांगितला?"

मला थोडा अभिमानही वाटत होता. मी म्हणालो, "सगळे लावून पाहिले, साहेब."

त्यांचा टाक थांबला. "किती दिवस लागले?"

"साडेसहा."

"म्हणजे फुरसत असलेला कोणीही हे उघडू शकतो."

 हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नाकेदारांना वाचवायला मी जे केलं, त्यानंच त्यांची पेटी सताड उघडी ठरत होती.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी कुलूप लावून नाकेदारांच्या हातात दिलं. "उघडा बघू." नाकेदारांनी कड्या कुरकुर फिरवल्या, आवाज ऐकून खुदकन हसले आणि कुलूप बाईंना देऊन टाकलं. साहेबांनी टाक पुन्हा उचलला. मग हळू म्हणाले, "तू सांगतोस ते लिहिलं, तर त्याचे आजवरचे सगळे शिक्के संशयात येतात. बुंधा न् बुंधा तपासावा लागेल. तोवर पेन्शन अडेल, आणि हा तोवर राहील असं मला दिसत नाही."

त्यांनी लिहिलं, 'आकडा नाकेदाराने शुद्धीवर असताना स्वतः मुन्शीस सांगितला.' खाली मी सही केली. दुसरी सही नाकेदारांची हवी होती.

बाईंनी त्यांच्या बोटांत टाक दिला. "करा जी सही. आपलंच काम हाय."

नाकेदारांनी कागदाकडे पाहिलं. मग मान वर करून, तापानंतर पहिल्यांदाच, सरळ माझ्याकडे पाहिलं.

"डोळ्यानं पाह्यलं का?"

बाईंचा हात टाकावर तसाच राहिला. साहेबांनी खाली पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "पाह्यलं."

त्यांनी सही केली.