ज्यांना भोंगा ऐकू येत नाही

वाहिनीत सगळे तिला खुणाताई म्हणायचे. बातम्या चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत उभं राहायचं आणि कानावर पडेल ते बहिऱ्या प्रेक्षकांना खुणांच्या भाषेत सांगायचं, हे तिचं काम. ही भाषा ती घरातच शिकली होती. थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. दादा चिडला की त्याचे हात असे सपासप चालायचे की आई आधी समोरचे पेले उचलायची.

दादा सुतारकाम करायचा. त्याचं घर अणुवीज प्रकल्पापासून हाकेच्या अंतरावर. दादाला हाक कुठली ऐकू यायला, पण म्हणायची पद्धत! बहिऱ्यांची शाळा तिथेच असल्यामुळे आसपास तशी बरीच घरं होती. एकदा प्रकल्पाने घरोघर सूचना वाटली: अपघात झाला तर भोंगा वाजेल, लगेच दारं-खिडक्या लावून घ्या.

दादाने कागद बहिणीपुढे आपटला. "आणि आम्ही काय करायचं?" त्याचे हात विचारत होते. "भोंग्याबरोबर दिवा लावा म्हणून कितीदा सांगून आलो. प्रकल्पाचे साहेब म्हणतात, वरून आदेश नाही."

त्याच आठवड्यात वाहिनीवर अणुविजेवर मंत्री आणि विरोधी नेते यांची चर्चा ठरली. मंत्री विरोधात असताना प्रकल्पाच्या फाटकासमोर आडवे झाले होते. आता त्यांना त्यात देशाचं भविष्य दिसत होतं. विरोधी नेत्यांनी सत्तेत असताना त्याच प्रकल्पाची फीत कापली होती. आता ते त्याला मरणाचा कारखाना म्हणत होते.

तोंडाला पावडर लावून घेत बसलेल्या मंत्र्यांना तिने गाठलं. "साहेब, बहिऱ्यांना भोंगा कसा कळणार?"

"वा ताई, उत्तम मुद्दा! आज मांडतोच."

विरोधी नेते तर खूशच झाले. "हा मुद्दा त्यांच्या घशातच घालतो बघा!"

चर्चा सुरू झाली. "फाटकासमोर कोण झोपलं होतं?" "फीत कोणी कापली?" दोघे एकदम ओरडत होते आणि निवेदक तेल ओतत होता. भोंग्याचं नाव कुणी काढेना. खुणाताईचे खांदे भरून आले. मग तिने हात खाली घेतले, पुन्हा उचलले आणि खुणांनी सांगितलं, "हे दोघे तुमच्या कामाचं काहीच बोलत नाहीयेत. भोंग्याचं मी दोघांनाही विचारलंय. टीव्ही बंद करा."

स्टुडिओत कुणाला पत्ताच नाही. खुणा येत होत्या कुणाला? पण कुणीतरी खाली अर्थ लिहून तो तुकडा मोबाईलवर फिरवला आणि सकाळी निर्मात्याने तिला बोलावलं.

"तुझी मतं सांगायला ठेवलं होतं का तुला?"

"मत कसलं? झालं तेच सांगितलं."

नोकरी गेली. संध्याकाळी त्याच वाहिनीवर चर्चा रंगली: 'खुणाताई नक्की कुणाची?' त्या चर्चेला कोपऱ्यात खुणा करणारं कुणीच नव्हतं.

मंत्र्यांची माणसं म्हणाली, ती विरोधकांची. मग विरोधी नेते पुष्पगुच्छ आणि कॅमेरे घेऊन तिच्या दारात हजर.

"भोंग्याचं काय करताय?" तिने विचारलं.

"आधी हे सरकार घालवू, ताई. मग बघू."

"मॅडम, जरा हसा ना," कॅमेरावाला म्हणाला.

तिने गुच्छ नेत्यांच्या हातात कोंबला आणि दार लावून घेतलं. बातमी आली: 'सत्काराने खुणाताई भारावल्या'.

दादा तिच्यावरही भडकला. वर्तमानपत्रात तिचा फोटो होता, खाली 'बहिऱ्यांचा आवाज' असं छापलेलं. "आवाजाचं काय करू मी? लोणचं घालू?" तो हातवारे करत सुटला. "दिवा मागितला होता!"

ते तिला लागलं, कारण खरं होतं. दुसऱ्या दिवशी दोघं शेजाऱ्यांना घेऊन प्रकल्पाच्या कार्यालयात जाऊन बसली. पत्रकार एकही बोलावला नाही. साहेब रोज "उद्या या" म्हणायचे, ती रोज जायची. चार-पाच महिन्यांनी शाळेच्या आवारात भोंग्याला जोडलेला लाल दिवा बसला. एकच.

तो लावायला मंत्री आले. मागणी मुळात आमचीच, असं विरोधक म्हणाले. वाहिनीने दोघांना पुन्हा समोरासमोर बसवलं.

खुणाताई आता एका दवाखान्यात बहिऱ्या रुग्णांचं दुखणं डॉक्टरांना सांगते. वाहिनीतून अजून फोन येतात, ती उचलत नाही. सुट्टीच्या दिवशी दादाबरोबर साहेबांच्या दारात असते. "आता तरी शांत व्हा, ताई," एकदा साहेब म्हणाले.

"का होऊ?" ती म्हणाली. "शाळा सुटल्यावर पोरं घरीच जातात ना? तिथे दिवा कुठाय?"