सालीचं सायन्स

डहाणूत आमच्या शेजारचे काका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रिटायर झाले, पण प्रयोग चालूच आहेत, फक्त आता शेजाऱ्यांवर. मी रोज स्कूटरने तलासरीला जातो आणि हायवेची धूळ खाऊन शिंकत परततो. काका कुंपणाशी बोट वर करून तयारच असतात.

"अहो, अंगातल्या पेशी म्हणजे पोलीस. धूळ दिसली की उगाच लाठी उगारतात, म्हणून शिंका. फळाच्या सालीतलं फ्लेवोनॉइड त्यांना सांगतं, बसा जरा. कळलं?"

'कळलं?' विचारतात, पण उत्तरासाठी कधी थांबत नाहीत.

त्यांच्या शब्दावर मी शिंकांची गोळी सोडली आणि महिनाभर चिकू सालीसकट खाल्ले. घसा खरवडून निघाला, शिंका होत्या तशाच राहिल्या.

काल त्यांच्या ओट्यावर गेलो, तर काका सुरीने चिकू सोलत होते. साली शेळीपुढे पडत होत्या.

"काका, साल?"

"मला नाही चालत, घशात खवखवतं." बोट वर गेलंच. "पण या शेळीला कधी शिंकताना पाहिलंत? कळलं?"

मी तोंड उघडलं आणि लागोपाठ सात शिंका आल्या. माझं उत्तर काकांनी पहिल्यांदाच पूर्ण ऐकून घेतलं.